सलाईनच्या नळ्या जाळत का नाहीत?

परवा एका ग्रुपवर फोटो फिरत होता, हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी लाल पिशव्यांचा ढीग, आणि खाली सगळ्यांचं एकच म्हणणं की हे ताबडतोब जाळून टाका नाहीतर रोगराई पसरेल. काळजी रास्त आहे, कचरा असा उघड्यावर पडलेला असणं चूकच. पण लाल पिशवी जाळायची नसतेच, तिला वाफ द्यायची असते, आणि ही वाफ नेमकं काय करते हे मला इतकं आवडतं की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

रंगांचं पटकन सांगतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत ऑपरेशनमध्ये काढलेले भाग, रक्ताने भिजलेला कापूस, मुदत संपलेली औषधं वगैरे, आणि यातलं बहुतेक सगळं भट्टीत जातं. लाल पिशवीत प्लास्टिक आणि रबर, म्हणजे सलाईनचे सेट, कॅथेटर, ग्लोव्हज, सुई काढलेल्या सिरिंज. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या पण टोचणार नाही अशा जाड डब्यात, काच निळ्यात. लाल पिशवी भट्टीत टाकत नाहीत कारण त्यातल्या कितीतरी नळ्या पीव्हीसीच्या, पीव्हीसीत क्लोरीन, आणि क्लोरीनवालं प्लास्टिक नीट जळलं नाही की डायॉक्सिन तयार होतात, जी अत्यंत विषारी आणि चरबीत वर्षानुवर्षं साठून राहणारी. म्हणून ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या मोठ्या कुकरसारख्या यंत्रात जातं, मग त्याचे तुकडे करतात आणि ते रिसायकलिंगला.

आता वाफ. बहुतेकांना वाटतं की तापमान वाढवलं की जंतू मरतात, संपलं. मग कोरड्या गरम हवेत निर्जंतुक करायला १६० अंशांवर दोन तास का लागतात, आणि वाफेत १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटांत तेच काम कसं होतं? याला दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे वाफ गार वस्तूला लागली की तिचं पाणी होतं आणि तसं होताना तिच्यात दडलेली उष्णता एकदम बाहेर पडते. १२१ अंशांची एक किलो वाफ त्याच तापमानाचं पाणी होताना साधारण २२०० किलोज्यूल उष्णता देते, आणि एक किलो हवा १६० वरून १२१ वर आली तर जेमतेम ४०. शिवाय वाफेचं पाणी झालं की तिची जागा आठशे पटींहून जास्त आकसते, तिथे पोकळी होते आणि नवी वाफ आपोआप ओढली जाते, म्हणजे जिथे अजून गार आहे तिथेच वाफ स्वतःहून धावत जाते!

दुसरं कारण पाणी. जंतू मरतो म्हणजे त्याची प्रोटीन्स गोठतात, उकडलेल्या अंड्यासारखी घट्ट होतात, आणि प्रोटीन गोठायला पाणी लागतं. अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या अल्ब्युमिनवरचे जुने आकडे आहेत, त्यात निम्मं पाणी असेल तर ते ५६ अंशांच्या आसपास गोठतं, ६ टक्केच असेल तर १४५ लागतात, पूर्ण कोरडं असेल तर १६०-१७०. काही जिवाणूंना हे जणू माहीतच आहे. धनुर्वाताच्या जिवाणूसारखे जिवाणू संकट आलं की बीजाणू, म्हणजे स्वतःचं झोपी गेलेलं चिवट रूप, बनवतात, त्याच्या गाभ्यातलं पाणी कमी करून तिथे कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल भरतात, मग असे कितीतरी बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. पूर्वी दवाखान्यात स्टीलच्या डब्यात काचेच्या सिरिंज उकळत असत, त्याने बरेच जंतू मरायचे पण सगळे बीजाणू मरतील याची खात्री नव्हती.

पण या वाफेचा एक शत्रू आहे, तो म्हणजे हवा. कुकरमध्ये वाफ जोरात यायला लागल्यावरच शिटी ठेवतात ना, ते आतली हवा निघून जावी म्हणून. ऑटोक्लेव्हमध्ये अर्धी हवा राहिली तर काटा १५ पौंड दाखवेल, दाब तोच, पण तापमान १२१ ऐवजी ११२ च्या आसपास, कारण दाबातला काही वाटा हवेचा असतो आणि तापमान ठरतं ते फक्त वाफेच्या वाट्यावर. आणि गच्च भरलेल्या, तोंड आवळून बांधलेल्या पिशवीत नळ्यांच्या वेटोळ्यांत अडकलेली हवा सहजासहजी हटत नाही. म्हणूनच हवा पंपाने ओढून न काढणाऱ्या साध्या ऑटोक्लेव्हला कचऱ्यासाठी नियमात १२१ अंशांना किमान ६० मिनिटं सांगितलीत, पंधरा नाही.

मग खरंच मेलं का हे कसं कळणार? पिशवीवरची पट्टी काळी पडली की ती तापली एवढंच कळतं. म्हणून जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या चिवट जिवाणूचे दहा लाख बीजाणू कुपीत घालून मशीनमध्ये ठेवतात. १२१ अंशांना दर दोन मिनिटांत त्यातले ९० टक्के मरतात असं धरलं तर दहा लाखाचा एक व्हायला बारा मिनिटं, आणि एकही बीजाणू वाचण्याची शक्यता दहा लाखात एक एवढीच उरेल इथवर यायला चोवीस. मग कुपी उबेत ठेवून काही उगवतं का ते बघायचं, उगवलं तर तो सगळा लॉट फेल.

हे कळलं की कोविडमध्ये आपण काय काय केलं ते आठवून वाईट वाटतं. माणसांवर औषध फवारणारे बोगदे उभारले, एप्रिल २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने ते करू नका असं सांगूनही. कापराचा धूर, गोवऱ्यांचा धूर. धुराने कुठली वस्तू निर्जंतुक होत नाही, दमेकऱ्याला त्रास मात्र होतो.

तुकडे का करायचे हाही प्रश्न येतो. २००९ मध्ये गुजरातमध्ये मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ आली, अनेक माणसं गेली, तपासात वापरलेल्याच सिरिंज पुन्हा वापरल्याचं निघालं. अख्खी सिरिंज धुवून विकता येते, तुकडे नाही विकता येत.

आणि घरात इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी. बाधित माणसाची सुई टोचली तर संसर्गाचं गणित असं, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका शंभरात तीसपर्यंत, सीचा दोन किंवा त्याहून कमी, एचआयव्हीचा हजारात तीन. बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर आठवडाभर टिकतो. घंटागाडीवर कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बाईला तुमची सुई टोचली तर तिने कोणाकडे जायचं? सिरिंजच्या सुईवर टोपी परत लावायला जाऊ नका, तेव्हाच टोचण्याचा धोका असतो, पेनची सुई असेल तर बाहेरचं मोठं झाकण लावून तेवढी काढा. जाड प्लास्टिकच्या झाकणवाल्या बाटलीत टाका, तीन चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून त्यावर मार्करने ठळक 'सुया' लिहा आणि ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळी हातात द्या. गाडीवाल्याने घेतली नाही तर वॉर्ड ऑफिसला विचारा, घरच्या सुया आणि सिरिंज वेगळ्या गोळा करण्याची तरतूद घनकचऱ्याच्या नियमांत आहे.