मराठी कादंबरी ८९१.४६३ वर का बसते?

पुस्तकांना विषयवार आकडे देणारी ड्युई पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात मराठी कादंबरीच्या पाठीवरच्या चिठ्ठीत ८९१.४६३ हा वर्गांक, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा आकडा, दिसतो. इंग्रजी कादंबरीचं काम ८२३ वर भागतं. या फरकाचं मूळ १८७६ सालात आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मेल्व्हिल ड्युईने तेव्हा साऱ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडले. समोर त्याच्या कॉलेजातली पुस्तकं होती. ८०० या साहित्याच्या वर्गात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, लॅटिन, ग्रीक अशांना एकेक स्वतंत्र विभाग आहे आणि उरलेलं जग ८९० मध्ये. धर्माच्या २०० मध्ये ख्रिस्ती धर्माने २२० ते २८० व्यापले. हिंदू, बौद्ध, जैन, शीख असे सगळे २९४ मध्ये दशांशचिन्हापुढे.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने आपल्या वर्गीकरणात मुख्य वर्गांसाठी आकड्यांऐवजी अक्षरं घेतली, पण तीही स्वतःच्या संग्रहावर बेतून. अमेरिका खंडांच्या इतिहासाला दोन अख्खी अक्षरं, बाकी जगाला मुख्यतः एक.

आपल्याकडे १९१० मध्ये सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं. बॉर्डन यांनी कटर हे दुसरे अमेरिकन ग्रंथपाल आणि ड्युई यांच्या पद्धती जोडून बडोद्यासाठी वेगळी योजना केली.

खरी उडी मात्र रंगनाथनांची. मद्रासचे हे गणिताचे प्राध्यापक १९२४ मध्ये ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथे दुकानात मेकॅनो हा सुटे भाग जोडून वस्तू बनवायचा खेळ पाहून त्यांना सुचलं: विषयांची तयार यादी कशाला, सुटे भाग द्यावेत आणि वर्गांक ग्रंथपालाने जोडावा. १९३३ मध्ये त्यांची ही पद्धत ‘द्विबिंदू वर्गीकरण’ (कोलन क्लासिफिकेशन) या नावाने प्रसिद्ध झाली. ‘१९५० च्या सुमारास भारतात क्ष-किरणांनी फुफ्फुसाच्या क्षयावर केलेले उपचार’ हा विषय घ्या. फुफ्फुस, क्षय, उपचार, क्ष-किरण, देश, काळ या प्रत्येकाचा तुकडा त्या वर्गांकात ठरलेल्या क्रमाने येतो. इतकी नेमकी पद्धत दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

तरी कपाटं ड्युईकडेच राहिली. रंगनाथनांचे वर्गांक लांब, चिन्हांनी भरलेले, आवृत्तीगणिक नियम बदलणारे. ड्युईचा आकडा नवख्यालाही लावता येतो. स्थानिक साहित्याला आधीची जागा आणि आखूड वर्गांक द्यायची सोय खुद्द ड्युईच्या पद्धतीत आहे. पण ती घेतली की बाहेरून तयार मिळणारा प्रत्येक वर्गांक हाताने बदलावा लागतो, म्हणून मराठी साहित्य ८९१.४६ वरच राहतं, आणि कादंबरी त्यापुढे ३ लावून ८९१.४६३ वर.