परीस शोधणाऱ्यांच्या पुस्तकातली रसायनविद्या

१५४१ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात योहान्नेस पेट्रेयस या मुद्रकाने ‘दे अल्केमिया’ नावाचा लॅटिन ग्रंथ छापला. त्याच छापखान्यातून १५४३ मध्ये पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ बाहेर पडला आणि १५४५ मध्ये कार्दानोचे बीजगणित. किमया, खगोलशास्त्र आणि गणित एकाच मुद्रकाकडे सुखाने नांदत होते. म्हणून किमयागारांना सरसकट भोंदू ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. हे पुस्तक तर त्या समजुतीला चांगलाच धक्का देते.

हा एक ग्रंथ नसून अनेक जुन्या हस्तलिखितांचा संग्रह आहे. किमयागारांना वेदवाक्यासारखा वाटणारा ‘पाचूची पाटी’ हा गूढ मजकूर छापील रूपात पहिल्यांदा इथेच आला. पुढे न्यूटनने स्वतःसाठी त्याचा इंग्रजी अनुवाद करून ठेवला. पण संग्रहाचा मोठा भाग ‘गेबर’ या नावाने लिहिलेल्या ग्रंथांनी व्यापला आहे. गेबर हे आठव्या शतकातल्या जाबिर इब्न हय्यान या अरबी किमयागाराच्या नावाचे लॅटिन रूप. मात्र यातल्या मुख्य ग्रंथाचे अरबी मूळ सापडलेले नाही. तो तेराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातच कोणीतरी लिहिला. विल्यम न्यूमन या इतिहासकाराच्या मते तो लेखक इटलीतला पॉल ऑफ टारांटो हा फ्रान्सिस्कन साधू असावा.

या लेखकाची मला आवडणारी गोष्ट म्हणजे सोने बनवण्याच्या ग्रंथात तो सोने पारखायच्या कसोट्याही देतो. संशयित धातू शिशाबरोबर राखेच्या मुशीत तापवायचा. शिसे जळून त्याचे ऑक्साइड होते, तांब्यासारख्या हलक्या प्रतीच्या धातूंना सोबत घेते आणि मुशीत मुरते. वर उरतात ते सोने आणि चांदी. मग सोन्यातली चांदी काढण्यासाठी क्षारांच्या लेपात भाजण्याची वेगळी कृती. नकली सोने पकडण्याची साधने स्वतःच वाचकाच्या हाती देणारा माणूस लबाड कसा म्हणायचा?

गेबरच्याच नावावरच्या दुसऱ्या एका ग्रंथात रसायनशास्त्राला कलाटणी देणारी कृती आहे. सायप्रसचे व्हिट्रिऑल, म्हणजे आपल्या हिराकस-मोरचुदाच्या जातीचा क्षार, त्यात सोरा आणि तुरटी मिसळायची आणि लालबुंद होईपर्यंत तापवून वाफा गार करून गोळा करायच्या. व्हिट्रिऑल आणि तुरटी तापली की गंधकाची ऑक्साइडे आणि पाणी सुटते, त्यातून तीव्र आम्ल होते. हे आम्ल सोऱ्यावर क्रिया करते आणि भांड्यात उतरते ते नायट्रिक आम्ल. त्यात चांदी विरघळते, सोने तसेच राहते. पण त्या द्रवात नवसागर टाकला की सोनेही विरघळते, असे ग्रंथ सांगतो, आणि ते खरे आहे. नायट्रिक आम्ल सोन्याच्या अणूंकडून इलेक्ट्रॉन काढून घेते, आणि नवसागरातून आलेले क्लोराइड इलेक्ट्रॉन गमावलेल्या त्या अणूंना, म्हणजे आयनांना, बांधून द्रावणात धरून ठेवते. शाळेत शिकलेल्या आम्लराजाचीच ही पूर्वपीठिका.

सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातून देशभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांना, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करणाऱ्यांना, यातले पहिले आम्ल रोजच्या ओळखीचे आहे. अशुद्ध सोन्यातली चांदी आणि तांबे नायट्रिक आम्लात उतरवायचे, तळाशी राहिलेले सोने आटवायचे. आम्लात गेलेली चांदीही वाया जात नाही. द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की ती भुकटीच्या रूपाने परत मिळते.

गेबरची उपपत्ती मात्र चुकीची होती. सगळे धातू पारा आणि गंधक यांच्या मिश्रणातून बनतात, प्रमाण आणि शुद्धता बदलली की धातू बदलतो, असे तो मानत असे. पाऱ्यापासून सोने खरोखर झाले ते १९४१ मध्ये, पुस्तक छापल्यावर बरोबर ४०० वर्षांनी. हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी पाऱ्यावर वेगवान न्यूट्रॉनांचा मारा केला. पाऱ्याच्या अणुकेंद्रात ८० प्रोटॉन, सोन्याच्या ७९. मिळालेले सोने किरणोत्सारी होते, थोड्याच काळात दुसऱ्या मूलद्रव्यात बदलून जाणारे.

पण त्या चुकीच्या उपपत्तीत एक मोलाचा विचार दडला होता. पदार्थ अतिसूक्ष्म कणांचे बनलेले असतात. सोने इतके जड, कारण त्याचे कण बारीक आणि घट्ट रचलेले, असे गेबर म्हणतो. त्या काळी विद्यापीठांत अॅरिस्टॉटलची परंपरा शिकवली जाई. पदार्थ खरोखर एकजीव मिसळले की मूळ पदार्थ त्या रूपात उरतच नाहीत, ही त्या परंपरेतली प्रबळ धारणा.

सतराव्या शतकात विटेनबर्ग विद्यापीठातला प्राध्यापक डॅनिएल झेनर्ट याने ही धारणा तपासली. त्याने चांदी आम्लात विरघळवली. द्रावण पाण्यासारखे स्वच्छ दिसत होते. ते त्याने कागदातून गाळले, कागदावर काहीच राहिले नाही. मग त्यात क्षार टाकला, तळाशी साका बसला, तो तापवल्यावर पुन्हा चांदी मिळाली. म्हणजे चांदी नष्ट झालीच नव्हती. कागदाच्या छिद्रांतून सहज जाण्याइतके बारीक कण होऊन ती द्रावणात टिकून होती. झेनर्टचे लेखन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने बारकाईने वाचले, आणि धातू विरघळवून परत मिळवण्याचे हे प्रयोग त्याच्या कणवादाचा मोठा आधार ठरले.