स्वतःलाच विचारणाऱ्या प्रोग्रामचा अर्थ

‘फंक्शन स्वतःलाच बोलावतं, मग ही व्याख्या गोल गोल फिरत नाही का?’ नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत रिकर्शन शिकवताना हा प्रश्न निघतोच. ‘चालवून बघ, चालतंय’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नये. १९६९ साली ऑक्सफर्डमध्ये संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेची यांच्यासोबत काम करताना तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट यांना त्याचं गणिती उत्तर सापडलं. तेच डोमेन थिअरी.

लासलगावला कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागली आहे. एकूण वजनाचा नियम असा: रांग रिकामी असेल तर शून्य, नाहीतर पहिल्या ट्रॉलीचं वजन अधिक उरलेल्या रांगेचं एकूण वजन. ‘एकूण वजन’ ठरवायला ‘एकूण वजन’च वापरलंय.

सुरुवात कोऱ्या पाटीपासून करायची. शून्याव्या पायरीवरच्या फंक्शनला कुठल्याच रांगेचं उत्तर येत नाही. ‘उत्तर नाही’ हीसुद्धा एक किंमत मानायची. तिचं नाव बॉटम. हे फंक्शन नियमाच्या उजव्या बाजूला घाला. जे नवं फंक्शन मिळतं, त्याला रिकाम्या रांगेपुरतं उत्तर येतं. तेही परत घाला, आता एका ट्रॉलीपर्यंत येतं. २०, १५ आणि १८ क्विंटलच्या तीन ट्रॉल्यांचे ५३ क्विंटल चौथ्या पायरीला मिळतात. कुठलीही पायरी आधीचं उत्तर पुसत नाही, फक्त भर घालते. या चढत्या पायऱ्या मिळून जे फंक्शन घडतं, तोच प्रोग्रामचा अर्थ: नियमाचं समाधान करणारं सगळ्यांत लहान फंक्शन, म्हणजे नियमाने भाग पाडलं तेवढीच उत्तरं देणारं, बाकी सगळीकडे बॉटम.

सगळ्यांत लहानच का? ‘वजन म्हणजे वजन’ एवढाच नियम लिहिला तर कुठलंही फंक्शन त्यात बसतं, पण मशीन नुसतं फिरत राहतं. सर्वांत लहान उत्तर सगळीकडे बॉटम येतं, मशीनशी तंतोतंत जुळणारं. रिकाम्या रांगेची ओळ विसरलात तरी तेच: बॉटममध्ये १८ मिळवले तरी बॉटमच. प्रत्यक्षात प्रोग्राम एरर देऊन बंद पडतो.

‘समोर बॉटम असेल तर १ छाप’ असं फंक्शन इथे चालत नाही. बॉटमच्या जागी पुढे ५३ आले, तर छापलेला १ मागे कसा घेणार? बॉटम ओळखणं म्हणजे प्रोग्राम कधीच थांबणार नाही हे ओळखणं, आणि कुठलाही प्रोग्राम थांबेल की नाही हे अचूक सांगणारा प्रोग्राम असूच शकत नाही, हे गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. ‘आमचं एआय प्रत्येक अनंत लूप पकडतं’ अशा जाहिरातीला पैसे देऊ नका.

स्कॉट यांची खरी अडचण याहून मोठी होती. लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे फक्त फंक्शनांवर उभ्या असलेल्या गणिती भाषेत, फंक्शनच फंक्शनला इनपुट म्हणून जातं, म्हणजे संच आणि त्यावरची सगळी फंक्शनं एकास एक जुळायला हवीत. गणिती गेओर्ग कँटर यांच्या प्रमेयामुळे हे अशक्य, कारण एकाहून जास्त घटक असलेल्या संचावर फंक्शनं नेहमी घटकांपेक्षा जास्त असतात. स्कॉट यांनी फक्त ‘सतत’ फंक्शनं ठेवली: ज्यांना उत्तराचा सांत (मर्यादित) तुकडा द्यायला इनपुटचा सांत तुकडा पुरतो. तेवढ्याने गर्दी हटली आणि स्वतःच्याच फंक्शनांशी जुळणारं डोमेन, म्हणजे बॉटमपासून वर चढत जाणाऱ्या किमतींचा संच, बांधता आलं.