सुबाभूळ की दशरथ? कुरणात पेरण्याआधी ओळख पटवा

उष्ण हवेतल्या कुरणात गवतासोबत द्विदल लावायचं म्हटलं की सुबाभूळ आणि दशरथ ही नावं जोडीनेच निघतात. दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, दोन्हींच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. पानंही दोन्हींची चिंचेच्या पाल्यासारखी, त्यामुळे रोपं लहान असताना सरावलेला माणूससुद्धा चकतो. शेंग धरली की मात्र वाद मिटतो. सुबाभळीची शेंग चपटी, रुंद, झुपक्याने लोंबणारी. दशरथाची बोटभर, अगदी अरुंद आणि वरच्या अंगाला रोखलेली. सुबाभळीला पांढरा भरगच्च गेंद येतो, दशरथाला मोजकी बारीक फुलं.

इथे फसगत झाली तर ती जनावराला भोवते. सुबाभळीच्या पाल्यात आणि बियांत मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. मिमोसिनने केस झडतात. शिवाय कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, त्यापासून तयार होणारा पदार्थ थायरॉईडचं काम बिघडवतो: लाळ गळते, जनावर चारा सोडतं. हवाईतल्या शेळ्या हाच पाला खाऊन ठणठणीत कशा, हे रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने शोधलं. त्यांच्या पोटात हे विष मोडणारा जिवाणू होता. पुढे तो ऑस्ट्रेलियातल्या गुरांना मुद्दाम दिला गेला आणि १९९२ मध्ये त्याला जोन्स यांच्यावरून सिनर्जिस्टिस जोन्साय हे नाव मिळालं. आपल्या जनावरांच्या पोटात तो आहे याची खात्री नसेल तर सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवावी. घोड्याला आणि डुकराला ती नकोच. दशरथात मिमोसिन नाही, म्हणून ज्याला रोज कळपामागे फिरून लक्ष ठेवणं जमत नाही त्याला मी दशरथच सुचवेन.

सुबाभूळ हे झाड आहे. चराई किंवा छाटणी चुकली की ते तोंडाच्या टप्प्याबाहेर जातं आणि बी उधळत सुटतं. अनेक देशांत ते उपद्रवी ठरलंय. म्हणून ते ओळीत लावून मधल्या पट्ट्यात गिनी गवतासारखं थोडी सावली सोसणारं गवत घेतात. दशरथ झुडूप असल्याने अंजनासारख्या ठोंब धरणाऱ्या गवतात मिसळून राहतो. जमिनीलगत खाल्ला तरी बुडातून फुटतो. भारी काळ्या जमिनीत तर तो खुलतो.

नत्राबद्दल एक भाबडी समजूत आहे, की द्विदल मुळांतून शेजारच्या गवताला तो थेट पाजतं. बहुतेक नत्र गवतापर्यंत पोचतो तो गळलेल्या पाल्यातून, कुजलेल्या मुळांतून आणि शेणमुतातून. त्यामुळे पहिल्याच हंगामात गवत हिरवंगार होईल ही आशा धरू नये.

पहिल्या वर्षी दोन्हींची रोपं नाजूक असतात आणि गवत त्यांना सहज दाबतं. आधी द्विदल उभं राहू द्यावं, मग गवत पेरावं. बियांचं कवच टणक असतं, म्हणून ती उकळी न आलेल्या गरम पाण्यात थोडी मिनिटं ठेवतात. मुळांवर गाठी धरवणाऱ्या जिवाणूंचं संवर्धक मात्र बी पूर्ण थंड झाल्यावरच चोळावं, तेही त्या-त्या पिकाचंच. दुसऱ्या द्विदलाचं संवर्धक वापरलं तर गाठी धरतीलच असं नाही.