फ्रान्सच्या खेड्यातलं इंग्रजांचं घर: नळ, मीटर आणि फॉसची पार्श्वभूमी

फ्रान्समधल्या जुन्या घरात बाथरूमच्या नळावर 'सी' अक्षर असतं. नवीन आलेला इंग्रज ते कोल्ड समजून बिनधास्त सोडतो आणि हात भाजून घेतो, कारण तो सी म्हणजे 'शो', म्हणजे गरम, आणि थंडाचं अक्षर एफ, 'फ्रुआ'. हा किस्सा नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य भागात राहणारा प्रत्येक ब्रिटिश माणूस हसत हसत सांगतो, पण खरं सांगायचं तर तिथल्या त्यांच्या घरातल्या जवळजवळ सगळ्या कटकटी याच जातीच्या आहेत. वस्तू ओळखीची दिसते, पण तिच्यामागचा इतिहास दुसऱ्याच देशाचा असतो. घर स्वस्तात मिळालं, पण त्यासोबत दोनशे वर्षांचा फ्रेंच कारभार पण गळ्यात पडला.

आधी ही घरं रिकामी का होती ते बघू. १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्यात वारसाहक्क सगळ्या मुलांना सारखा, आणि आईबापाला मुलांना पूर्ण बेदखल करताच येत नाही. एक मूल असेल तर निम्मी इस्टेट त्याची राखीव, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. त्यामुळे गावाकडचं घर एका आजीचं असलं तरी तीस वर्षांनी त्यावर पंधरा जणांची नावं, त्यातला एक पॅरिसला, एक मार्सेला, एक कुठंय कुणालाच माहीत नाही. कोकणात बंद पडलेल्या घरांचा सातबारा ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं समजवायला नको. त्यात पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे जवळपास १४ लाख सैनिक मेले, त्यातले कितीतरी शेतकऱ्यांची पोरं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जी तीस वर्षं भरभराटीची गेली त्यात उरलेली तरुण मंडळी कारखान्यांकडे आणि शहरांकडे निघून गेली. क्रझ नावाचा जिल्हा आहे मध्य फ्रान्समध्ये, तिथले गवंडी पूर्वीपासूनच पॅरिस बांधायला जायचे, तिथं १८५१ साली जवळपास २ लाख ८७ हजार लोक होते, आता सव्वा लाखाच्याही खाली. म्हणजे दगडी घरं, गोठे, धान्याची कोठारं सगळी जागेवर, माणसंच नाहीत.

आता इंग्रज आत्ताच का आले, आधी का नाही? आधी पण आले होते म्हणा, ११५२ मध्ये अक्विटेनच्या, म्हणजे दोर्दोन्य ज्यात येतं त्या प्रदेशाच्या, एलेनॉरनं पुढं इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्री प्लांटाजेनेटशी लग्न केलं आणि तिथून पुढची तीनेकशे वर्षं त्या भागावर इंग्लंडच्या राजाचा दावा, तो १४५३ च्या कास्तियोंच्या लढाईत संपला. दोर्दोन्यला गमतीनं, इंग्लंडच्या यॉर्कशरच्या चालीवर, 'दोर्दोन्यशर' म्हणतात तेव्हा हे सगळे जण उगाळतात, पण सध्याच्या घरांशी त्याचा काही संबंध नाही. खरं कारण साधं, पैशाचं. १९६६ पासून काही वर्षं ब्रिटिश माणसाला परदेशी फिरायला जाताना फक्त ५० पौंड नेता यायचे, आणि परदेशात घर घ्यायचं तर परकीय चलन जादा भाव देऊन घ्यावं लागायचं. ऑक्टोबर १९७९ मध्ये हे निर्बंध उठले आणि पाठोपाठ ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या घरांच्या किमती वाढल्या, म्हणजे लंडनजवळचं दोन खोल्यांचं घर विकून तिकडं गोठ्यासकट शेतघर घेऊन वर पैसे उरायचे. मग १९९४ ला खाडीखालचा बोगदा, २००० नंतर त्या भागातल्या लिमोज आणि बेर्जराक शहरांना स्वस्त विमानं. ब्रेक्झिटच्या आसपास फ्रान्समध्ये दीडेक लाख ब्रिटिश राहत होते.

पण घर विकणारे कोण, तर तेच पंधरा वारस. त्यामुळे सगळा व्यवहार नोतेरकडून, म्हणजे सरकारी अधिकार असलेला कायदेपंडित, तो वकील पण नाही आणि आपला रजिस्ट्रार पण नाही, दोन्हीच्या मधला. इंग्रज नवरा-बायकोला धक्का बसायचा तो वेगळाच, की नवरा गेला तर बायकोच्या आधी मुलांचा हक्क. २००१ च्या कायद्यानं विधवेला जरा बरी जागा दिली, आणि ऑगस्ट २०१५ पासून युरोपच्या नियमानं वारशासाठी स्वतःच्या देशाचा कायदा निवडायची सोय झाली, पण २०२१ मध्ये फ्रान्सनं त्यालाही पाचर मारली. म्हणून तिकडं मृत्युपत्र हा विषय जेवणाच्या टेबलावर निघतो, अगदी चीजबरोबर.

आता मुख्य विषय, फॉस. फॉस सेप्टिक, म्हणजे सेप्टिक टाकी. ज्याच्या घरी ड्रेनेजची लाइन नाही त्याच्या आयुष्यात हा शब्द रोज येतो. जुन्या शेतघरात संडासच नसायचा, असला तरी अंगणाच्या टोकाला. पुढं खेड्यांत नळाचं पाणी आलं तेव्हा लोकांनी घरात संडास घेतला आणि त्याचं पाणी एका टाकीत सोडलं, टाकीतून शोषखड्ड्यात, आणि मोरीचं, आंघोळीचं पाणी सरळ मागच्या चरात. कुणी विचारायचं नाही. विचारायला सुरुवात झाली ३ जानेवारी १९९२ च्या पाण्याच्या कायद्यानं. त्यात ग्रामपंचायतीवर, म्हणजे कम्यूनवर, जबाबदारी टाकली की ज्या घरांना सार्वजनिक गटार नाही त्यांची तपासणी तुम्ही करायची. त्यासाठी जे खातं निघालं त्याचं नाव स्पांक. २००५ अखेरपर्यंत ते सगळीकडं उभं राहायला हवं होतं, मग २००६ चा आणखी एक कायदा, आणि शेवटी १ जानेवारी २०११ पासून घर विकताना स्पांकचा तीन वर्षांच्या आतला अहवाल लावणं सक्तीचं झालं. अहवालात 'नियमाला धरून नाही' असं आलं तर विकत घेणाऱ्यानं एका वर्षात नवीन सिस्टीम टाकायची. म्हणजे ज्यांनी १९९० मध्ये घर घेतलं त्यांना फॉस कुठं पुरलीय हेसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं (शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा, तो गुलाबाच्या झुडपाकडं बोट दाखवतो) आणि त्याच लोकांनी २०११ नंतर विकायला काढलं तेव्हा हजारो युरोंचं खोदकाम समोर आलं.

नवीन पद्धतीत सगळंच पाणी एका टाकीत येतं, म्हणून तिला 'फॉस तुत-झो' म्हणतात, सर्व पाण्याची टाकी. स्वयंपाकघराच्या बाजूला गरजेप्रमाणे तेल-तूप अडवायची छोटी टाकी, आणि मुख्य टाकीच्या पुढं वाळूचा किंवा मातीतला गाळणीचा पट्टा, त्यावर झाडं लावायची नाहीत, गाडी उभी करायची नाही. गाळ टाकीच्या निम्म्यापर्यंत आला की टँकर बोलवून उपसा करायचा, साधारण चारेक वर्षांनी. सगळं काम आतले जीवाणू करतात, त्यामुळे ब्लीच ओतायचं नाही, आणि इंग्रज बाईची संडासात ब्लीच ओतायची सवय म्हणजे धर्मच, ती सुटता सुटत नाही. ओले टिश्यू, म्हणजे वेट वाइप्स, पण टाकायचे नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

विजेचं प्रकरण आणखी मजेशीर. एप्रिल १९४६ मध्ये फ्रान्सनं वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण करून ईडीएफ काढली. १९४७ साली तिकडं ब्रिटननं नवीन चौकोनी पिनांचा प्लग आणला, आत फ्यूज असलेला, युद्धानंतर तांब्याची टंचाई म्हणून रिंग वायरिंगसोबत. (आपण मात्र त्यांच्या त्याआधीच्या गोल तीन पिनांवर अजून आहोत, त्यांनी टाकून दिलेलं आपण जपून ठेवलं.) फ्रान्सची पद्धत वेगळी, प्लगमध्ये फ्यूज नाही, वायरिंग गोल फिरून परत येत नाही, त्यामुळे इंग्लंडहून आलेला हौशी इलेक्ट्रिशियन मेव्हणा तिथं धोकादायक ठरतो. पण खरी गोची मंजूर भाराची. आपल्याकडं बिलावर मंजूर भार छापलेला असतो तसंच तिकडं कॉन्ट्रॅक्टच केव्हीएमध्ये (साधारण किलोवॉटच समजा), ३, ६, ९, १२ असं, जास्त घेतलं तर स्थिर आकार जास्त. इंग्लंडात घरगुती ग्राहकाला असलं काही माहीतच नसतं. मग आजीच्या जमान्यातलं ६ केव्हीएचं कनेक्शन, त्यावर ३ किलोवॉटची इंग्लिश किटली, ओव्हन आणि वॉशिंग मशीन, की झालं, अख्खं घर अंधारात. जुन्या मीटरमध्ये जरा ढील चालायची, डिसेंबर २०१५ पासून ते पोपटी रंगाचे लिंकी मीटर बसायला लागले, ते मर्यादा ओलांडली की गुपचूप कापतात. चहा करताना ओव्हन बंद करायचा हे शहाणपण तिथूनच आलं.

रात्रीच्या स्वस्त विजेची कहाणी पण जुनी. साठच्या दशकातच ईडीएफनं दिवस-रात्र वेगळा दर आणला होता, त्या स्वस्त वेळेला म्हणतात 'अर क्रझ', पोकळ तास, दिवसाचे आठ. मग तेलाचा भाव भडकल्यावर १९७४ मध्ये मेसमेर पंतप्रधान असताना अणुभट्ट्यांचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, आणि अणुभट्टी काही रात्री सहज बंद करता येत नाही, मग रात्रीची वीज करायची काय, तर लोकांच्या पाण्याच्या टाक्या तापवायच्या. म्हणून प्रत्येक घरात तो मोठा पांढरा गीझर, कुमुलुस, आणि तो आपोआप रात्री चालू होतो, लिंकीच्या आधी तर विजेच्या तारेतूनच १७५ हर्ट्झचा एक इशारा यायचा आणि घरातला स्विच ओढला जायचा. इंग्रज पाहुणे आले, सगळ्यांनी सकाळी आंघोळ केली, की संध्याकाळी गार पाणी, आणि यजमान सांगतो रात्रीपर्यंत थांबा. त्याच काळात घरोघरी स्वस्त विजेचे हीटर लागले, त्यांना फ्रेंच लोक कुत्सितपणे 'ग्रीय-पँ', म्हणजे टोस्टर म्हणतात, खोली तापत नाही, बिल तापतं. आणखी एक टेंपो नावाचा दर आहे, त्यात वर्षातले ३०० दिवस निळे, ४३ पांढरे आणि २२ लाल, लाल दिवस १ नोव्हेंबर ते ३१ मार्चमध्येच येतात आणि त्या दिवशी वीज प्रचंड महाग. लाल दिवस आला की हीटर बंद आणि लाकडाची शेगडी पेटवायची.

लाकडावर एक वेगळा लेख होईल. तिकडं जळण 'स्तेर'मध्ये मोजतात, हे माप १७९५ च्या मेट्रिक कायद्यातलं, मीटर-लिटरचं सख्खं भावंड, एक मीटर लांबीचे ओंडके रचून झालेला एक घनमीटर. खरं तर अधिकृत व्यवहारातून ते १९७७ अखेरीस गेलं, पण गावात कोण ऐकतो. गोची अशी की तेच ओंडके ३३ सेंटीमीटरचे कापले की मधल्या फटी कमी होतात आणि ढीग ०.७ घनमीटरचाच भरतो. नवा माणूस टेप लावून मोजतो आणि शेजारी शेतकऱ्यानं आपल्याला फसवलं म्हणून तोंड पाडून बसतो. फसवलेलं नसतं. ओक असेल तर दोन वर्षं वाळलेला घ्यायचा, आणि धुराडं वर्षातून एकदा तरी साफ करून घेऊन कागद जपून ठेवायचा, आग लागली तर विमावाले पहिला तोच कागद मागतात.

प्लंबिंगमध्ये मला आवडलेली गोष्ट सांगतो. इंग्रज लोक व्हॅन भरून आपले पाइपचे सांधे घेऊन यायचे, कारण त्यांचे पाइप १५ आणि २२ मिलिमीटर आणि फ्रान्समध्ये १२, १४, १६, १८, काहीच बसत नाही. पण फ्रेंच दुकानात नळाच्या आट्यांवर '१५/२१' किंवा '२०/२७' लिहिलेलं असतं, आणि ते म्हणजे चक्क अर्धा इंच आणि पाऊण इंच, इंग्लंडच्या व्हिटवर्थ नावाच्या इंजिनियरनं १८४१ मध्ये मांडलेल्या आट्यांच्या वंशातले! मेट्रिकच्या माहेरघरात इंग्रजी इंच मिलिमीटरचा सदरा घालून बसलेत. त्यामुळे वॉशिंग मशीनचा पाइप मात्र दोन्हीकडं निमूट बसतो.

भिंतींबद्दल थोडक्यात. ही दगडी घरं माती-चुन्यात बांधलेली, खाली ओल अडवणारा थर नाही, भिंत ओल शोषते आणि चुन्यातून बाहेर सोडते. विसाव्या शतकात गवंड्यांनी, फ्रेंच काय नि इंग्रज काय, सिमेंटनं दरजा भरल्या आणि ओल आतच कोंडली. आता उलटा प्रवास, सिमेंट खरवडून परत चुना. हे काम बऱ्याचदा ओळखीचा इंग्रज मिस्त्री रोखीत करायचा, बिल नाही, नोंदणी नाही. १९७८ च्या स्पिनेटा कायद्यानं बांधकाम करणाऱ्यावर दहा वर्षांची हमी आणि तिचा विमा सक्तीचा आहे, 'देसेनाल' म्हणतात, आणि दहा वर्षांच्या आत घर विकायला काढलं की नोतेर तोच कागद मागतो. तेव्हा तो मिस्त्री स्पेनला गेलेला असतो.

टीव्हीचं पण असंच होतं. फ्रान्सनं १९६७ मध्ये रंगीत टीव्हीसाठी स्वतःची सेकाम पद्धत घेतली, ब्रिटननं पाल, त्यामुळे घरून आणलेल्या सेटवर धड काही दिसायचं नाही. मग डिश आल्या.

ब्रेक्झिटमुळे २०२१ पासून सगळ्याचं वेळापत्रक बदललं. ब्रिटनहून मांस आणि दूध-चीज न्यायला बंदी, जानेवारीत डच कस्टम्सनं ड्रायव्हरचं हॅम सँडविच काढून घेतलं ती बातमी सगळीकडं फिरली होती. जे आधीपासून राहत होते त्यांना रहिवासाचं कार्ड मिळालं, पण ज्यांचं तिथं नुसतं सुट्टीतलं घर आहे त्यांना दर १८० दिवसांत ९० दिवस, जास्त राहायचं तर व्हिसा. मे ते सप्टेंबर सलग बागेत घालवायची सवय असलेले म्हातारे-म्हाताऱ्या आता वहीत दिवस मोजतात, आणि घर वर्षातला निम्म्याहून जास्त काळ बंद. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पाण्याचा मुख्य कॉक बंद, कुमुलुस रिकामा, पाइपातलं पाणी काढून टाकायचं नाहीतर लिमोजच्या आसपासच्या लिमुझँ भागातल्या थंडीत गोठून फुटतात, संडासाच्या भांड्यात अँटीफ्रीझ, ते पण फॉसला चालणारं, आणि किल्ली त्या गुलाबाकडं बोट दाखवणाऱ्या शेजाऱ्याकडं.