गुळ्या ताटलीजवळ का येईना?

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. लहानपणापासून हे आकडे कानावर पडत आल्यामुळे असेल, पण मी घरात इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला उद्योग केला तोही पाणी मोजण्याचाच. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर टाकी आहे. ती भरली की नाही हे बघायला आईला जिना चढावा लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

त्यासाठी मी एचसी-एसआर०४ नावाचा सेन्सर आणला. शंभर रुपयांच्या आसपास मिळतो, आणि समोरून बघितला तर दोन गोल डोळ्यांचा चष्मा घातल्यासारखा दिसतो. त्यातला एक डोळा खरं तर तोंड आहे आणि दुसरा कान. तोंडातून ४० किलोहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ४० हजार कंपनांचे, आठ छोटे ठोके सुटतात. ते पाण्यावर आपटून परत येतात आणि कान ते टिपतो. यायला-जायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्यामुळे दर सेंटिमीटरमागे जाऊन-येऊन ५८ मायक्रोसेकंद, असा सोपा हिशेब. हवा तापली की हा वेग वाढतो, म्हणून आमच्या टाकीचं माप मे महिन्यातल्या दुपारी आणि डिसेंबरच्या पहाटे चार-पाच सेंटिमीटरनं इकडे-तिकडे व्हायचं. मग तापमान मोजणारा सेन्सर जोडून ती दुरुस्ती कोडमध्ये घातली. टाकीचं काम झालं.

खरी गोष्ट पुढची आहे. घरात तीन मांजरं. गुळ्या नावाचा बोका, रंग अस्सल कोल्हापुरी गुळाच्या ढेपेचा. चिंगी, करड्या पट्ट्यांची. आणि भुरी, अंगभर पांढरी, दोन्ही डोळे निळे. (गुळ्याला गुळाची गोडी कधीच कळणार नाही, हे जाता जाता सांगतो. गोड चव ओळखणारा जिभेवरचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, बनायला दोन जनुकं लागतात, त्यांतलं एक मांजरकुळात पार मोडून गेलेलं आहे. हे २००५ साली समजलं.) मी दिवसभर उद्यमनगरात असतो, आईला गुडघ्यांमुळे सारखं खाली वाकवत नाही. म्हणून खाद्याचे दाणे आपोआप ताटलीत टाकणारा डबा बनवायचं ठरवलं. खाली छोटी सर्व्हो मोटर, डोकं म्हणून ईएसपी८२६६ बोर्ड, आणि मांजर ताटलीपाशी आलंय का हे बघायला तोच टाकीवाला सेन्सर. टाकीवर त्यानं चोख काम केलं होतं, मग दुसरा शोधायचा कशाला?

डबा सुरू केला आणि गुळ्यानं जेवण सोडलं.

ताटलीपासून दोन हातांवर तो थांबायचा. एक कान डब्याकडे, दुसरा मागे. मग दोन्ही कान चपटे करून मागे सरकायचा आणि वळून निघून जायचा. चिंगीचंही तेच. भुरी मात्र डबा आल्या दिवसापासून ताटलीत तोंड घालून निवांत खात बसली. दोघांना मोटरची भीती वाटत असेल म्हणून मी मोटर काढून हातानं दाणे टाकले. तरी तेच. प्लॅस्टिकचा वास येत असेल म्हणून डबा धुऊन दोन दिवस उन्हात ठेवला. तरी तेच.

आजी खाटेवरून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "अरं, त्या डबड्यात कायतरी वाजतंय बघ. मी बघतोय की रोज, ते कान फिरवतंय आन् मागं सरतंय. तुला-मला न्हाई ऐकू येत, त्यास्नी येतंय."

आजीला कुकरची शिट्टीसुद्धा धड ऐकू येत नाही. तरी तिनं अचूक जागी बोट ठेवलं होतं.

माणसाच्या कानाची वरची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास, तीही तरुणपणी. वय वाढतं तशी ती खाली येत जाते. जुने डब्यासारखे टीव्ही आठवत असतील तर हे लगेच पटेल. ते सुरू असताना १५,६२५ हर्ट्झची एक बारीक शिट्टी वाजत असे. ६२५ रेषांचं चित्र सेकंदाला २५ वेळा काढायचं, त्या गुणाकारातून आलेला हा आकडा. आम्हा पोरांना दाराबाहेरूनच कळायचं की आत टीव्ही लावलाय, आवाज पूर्ण बंद असला तरी. आजोबांना ते कधीच पटलं नाही.

मांजराची मर्यादा याच्या कितीतरी वर आहे. रिकी आणि हेन्री हेफनर यांनी १९८५ साली मोजली, तेव्हा ७० डेसिबलच्या आवाजाला मांजरांची श्रवणकक्षा ४८ हर्ट्झपासून ८५ किलोहर्ट्झपर्यंत भरली. पेटीच्या भाषेत सांगायचं तर आपलं ऐकणं जिथं संपतं तिथून एक सप्तक वर गेलं की ४० हजार, दोन सप्तकं वर गेलं की ८० हजार. म्हणजे माझा सेन्सर गुळ्याच्या पट्टीच्या टोकालाही नव्हता, चांगला आत होता. आणि हा कान मांजराला उगाच मिळालेला नाही. उंदीर-घुशी आपसात बोलतात ते बरंचसं याच पट्टीत. आईपासून दुरावलेलं उंदराचं पिल्लू चिरकतं ते आपल्याला ऐकूच येत नाही. अंधारात गवताखाली लपलेलं भक्ष्य कान वळवून हुडकणाऱ्या प्राण्याच्या तोंडासमोर मी सेकंदाला दहा वेळा ठोके देणारं यंत्र ठेवलं होतं. तेही जेवणाच्या ताटाशी.

अंदाज पटला तरी तो तपासायला हवा होता. बोर्ड चालू, त्याचा निळा दिवा चालू, डबा जागच्या जागी. फक्त सेन्सरला ठोका द्यायला सांगणारी एक वायर एका संध्याकाळी जोडलेली, दुसऱ्या संध्याकाळी काढलेली. असं आठ दिवस केलं. वायर काढलेल्या चारही संध्याकाळी गुळ्या आणि चिंगी जेवले. पहिल्या दिवशी घाबरत, नंतर सरळ. वायर जोडलेल्या चार दिवसांत चिंगी एकदाच आली आणि दोन घास खाऊन पळाली. गुळ्या आलाच नाही. दोन मांजरं आणि आठ दिवस यावरून जगातल्या सगळ्या मांजरांबद्दल काही ठरत नाही, पण माझ्या स्वयंपाकघरापुरता प्रश्न सुटला होता.

मग भुरीचं काय?

ती झोपलेली असताना मी तिच्या मागे उभा राहिलो आणि स्टीलचं ताट चमच्यानं वाजवलं. ताट हातात धरून, कारण फरशीला हादरा गेला तर तो तिला पंजांतून कळला असता. चिंगी माळ्यावर पळाली. भुरीचा कान हललासुद्धा नाही. मला एकदम आठवलं, कुकरच्या शिट्टीलाही ती कधी दचकली नव्हती. आम्ही तिला शांत स्वभावाची समजत आलो होतो.

पूर्ण पांढऱ्या आणि दोन्ही डोळे निळ्या असलेल्या मांजरांत ६५ ते ८५ टक्के बहिरी असतात. रंगाचा कानाशी संबंध कसा, तर रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी, मेलॅनोसाइट, फक्त कातडीत नसतात. कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, तिच्या भिंतीतही त्या असतात आणि तिथं त्यांचं काम वेगळं. नळीतल्या एका द्रवात पोटॅशियम भरपूर राखायचं, त्याचा विद्युतभार टिकवायचा, हे त्यांच्या मदतीनं होतं. गर्भात या पेशी आपल्या जागी पोचल्याच नाहीत तर केस पांढरे राहतात, डोळे निळे राहतात, आणि कानातला तो द्रव आपला भार धरू शकत नाही. मग आवाज टिपणाऱ्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरून जातात. हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी तिला नावानं हाक मारत होतो.

आता ताटलीखाली लोड सेल, म्हणजे वजन मोजणारा सेन्सर, आहे. उसाची ट्रॉली वजनकाट्यावर चढते तिथंही हेच तत्त्व. धातूच्या पट्टीवर भार आला की ती किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेली बारीक तार ताणली जाते, ताणलेल्या तारेचा विद्युतरोध वाढतो. माझा लोड सेल १ किलोचा. पाच व्होल्ट दिले तर पूर्ण किलोला तो जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे एका ग्रॅमला ५ मायक्रोव्होल्ट. पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचा तीन लाखावा भाग! एवढंसं वाचायला एचएक्स७११ नावाची चिप लागते. शेजारच्या लेथवाल्या भावानं अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांना भोकं पाडून टॅप मारून दिले, आणि काटा तयार झाला. मुख्य म्हणजे तो हवेत काहीच सोडत नाही.

एका सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, तोच काटा पाण्याच्या वाटीखाली ठेवला आणि चिपला सेकंदाला ८० वेळा वाचायला लावलं. गुळ्या पाणी प्यायला आला. स्क्रीनवरची सरळ रेघ करवतीसारखी दातेरी झाली. एका सेकंदात किती दाते, ते मोजले. तीन, चार, चार, तीन.

२०१० साली रीस, जंग, अ‍ॅरिस्टॉफ आणि स्टॉकर या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं हेच टिपलं होतं. मांजर जिभेचा चमचा करत नाही. जिभेचं टोक मागे वळवून पाण्याला नुसतं टेकवतं आणि झटक्यात वर घेतं. टोकाला चिकटलेलं पाणी त्या झटक्यानं खांबासारखं वर ओढलं जातं, आणि वजनानं तो खांब तुटून खाली पडायच्या आत तोंड मिटतं. सेकंदाला साडेतीन-चार वेळा, दर वेळी ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं पाणी. वाघ-सिंहांची जीभ मोठी, म्हणून ते याहून सावकाश पितात. आणि इथं मंगळवार पेठेत, माझ्या फरशीवर, तीच लय रेघेत उमटत होती. मी आईला, आजीला हाका मारून बोलावलं.

डब्यात एक भर अजून घातली. दाणे पडायच्या आधी मोटर गुरगुरते, तेवढ्यावर गुळ्या आणि चिंगी धावत येतात. भुरीला ते कळत नव्हतं, ती मागाहून येऊन रिकामी ताटली चाटायची. म्हणून मोटर फिरायच्या पाच सेकंद आधी पेटणारा हिरवा एलईडी तिच्या झोपायच्या कोनाड्यासमोर लावला; लाल नाही, कारण लाल रंग मांजराला फिकट दिसतो. पहिले चार दिवस तिनं त्याच्याकडे बघून परत डोळे मिटले. पाचव्या दिवशी संध्याकाळी दिवा लागला, ती उठली, आळस दिला, आणि मोटर फिरायच्या आत ताटलीपाशी जाऊन बसली.