माळ्यावरचं झोनोलाइट काढण्याचा खर्च परत मिळवताना

अमेरिकेत जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी काहींना होम इन्स्पेक्शनच्या अहवालात ‘अ‍ॅटिकमध्ये व्हर्मिक्युलाइट’ अशी ओळ दिसते. इन्सुलेशन म्हणून, म्हणजे थंडी-उष्णता अडवायला, छताच्या तुळयांमध्ये सैल ओतलेले करडे-तपकिरी खडे, जवळून पाहिले तर पेटीच्या भात्यासारखे थरावर थर रचलेले. हे खनिज तापवलं की लाह्यांसारखं फुलतं, त्यामुळे तसं दिसतं. अमेरिकेतला बराचसा माल माँटाना राज्यातल्या लिबीच्या खाणीतला. १९९० मध्ये बंद झालेल्या त्या खाणीत अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणारं तंतुमय खनिजही मिसळलेलं होतं. ‘झोनोलाइट’ नावाने तो विकणाऱ्या डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीच्या दिवाळखोरीतून २०१४ मध्ये एक ट्रस्ट उभा राहिला. परतावा मागायचा तो याच ट्रस्टकडे.

झोनोलाइट काढून नवं इन्सुलेशन घालण्याच्या खर्चापैकी ५५ टक्के ट्रस्ट देतो, पण मर्यादेत. सुरुवातीला ७,५०० डॉलरपर्यंतचाच खर्च धरला जाई, म्हणजे हाती जास्तीत जास्त ४,१२५ डॉलर. पुढे ही मर्यादा वाढत गेली; अर्जाच्या दिवशीचा आकडा ट्रस्टकडूनच पाहून घ्यावा. घर अमेरिकेतलं हवं आणि माल झोनोलाइटच हवा.

अर्जासोबत मालकीचा कागद, कंत्राटदाराचं बिल आणि पैसे चुकते केल्याचा पुरावा लागतो. हे कुणालाही जमतं. लोक अडकतात ते माल कुणाचा हे दाखवताना. प्रयोगशाळेने ‘अ‍ॅस्बेस्टॉस आहे’ म्हटलं, एवढ्याने तो झोनोलाइट ठरत नाही. ओळख पटते ती फोटो, माळ्यावर उरलेल्या जुन्या पिशव्या आणि नमुना यांवरून. एकदा माळा साफ झाला की हे सगळं कचऱ्यात जातं. म्हणून कंत्राटदाराला काम सांगण्याआधी ट्रस्टचा फॉर्म वाचा, आणि फोटो व नमुना त्यालाच काढायला सांगा. स्वतः वर चढून खडे उपसू नका, घरचा व्हॅक्युम तर मुळीच फिरवू नका.

आपल्याकडे गणपतीचं मखर आणि दिवाळीचे कंदील माळ्यावरच जातात. काम होईपर्यंत ते तळघरात ठेवा.

बिलाचंही बघा. छपराची दुरुस्ती आणि वायरिंग एकाच रकमेत गुंडाळलेलं बिल घेऊ नका. झोनोलाइट काढणं आणि नवं इन्सुलेशन यांचे आकडे वेगळे लिहून घ्या.